कॉम्रेड सेक्रेटरी, निदान पोच तरी द्या

प्रति,
राज्य सचिव आणि राज्य सेक्रेटेरिएटमधले सगळे कॉम्रेड्स,

लाल सलाम.

हे माझं तिसरं पत्र. आधीची दोन बंद पाकिटात होती. एक स्पीड पोस्टाने टाकलं, दुसरं स्वतः राज्य कार्यालयात येऊन टेबलावर बसलेल्या कॉम्रेडच्या हातात दिलं. त्यांनी चहा मागवला, माझ्या वडिलांची, दादांची आठवण काढली, डोळे पण पुसले आणि पत्र ड्रॉवरमध्ये टाकलं. मी म्हटलं पोच द्या, तर हसले, म्हणाले अगं आपल्या घरात कसली पोच. त्याला सात महिने होऊन गेले. म्हणून आता उघड लिहितेय.

पक्षाचं नाव मुद्दाम टाकत नाहीये. महाराष्ट्रात लाल बावटे तीन-चार आहेत आणि मी ज्यांच्या-ज्यांच्यापाशी हे बोलले ते सगळे वेगवेगळ्या बावट्याचे असून "हे तर आमच्याकडचंच सांगतेयस" म्हणाले, तेव्हा ज्याला लागू पडेल त्याने घ्यावं. तुम्हाला बरोबर कळेल कोणाचं पत्र आहे ते.

आधी मी कोण ते सांगते कारण नवीन सेक्रेटेरिएटमधल्या निम्म्या लोकांना माहीत नसेल. वडिलांना आम्ही घरात दादा म्हणायचो आणि पार्टीतही सगळे दादाच म्हणायचे. दादा चौतीस वर्षं होलटायमर. बाहेरच्या वाचकांसाठी सांगते, होलटायमर म्हणजे नोकरीधंदा सोडून पूर्णवेळ पक्षाचं काम करणारा माणूस, त्याला पक्ष दर महिन्याला 'वेज' देतो, म्हणजे द्यायचा असतो. आमचा तालुका मराठवाड्यातला, कोरडवाहू. दादांचं काम शेतमजुरांत आणि ऊसतोडवाल्यांत. रोजगार हमीच्या कामावर जाऊन मस्टर तपासायचं, रेशनसाठी तहसीलवर मोर्चा न्यायचा, कारखान्यावरून परत आलेल्या कोयत्यांना, म्हणजे ऊसतोडीच्या जोड्यांना, मुकादमाच्या वहीतली उचल आणि फेड यांचा हिशोब लावून द्यायचा. आई अंगणवाडी सेविका. खरं बोलायचं तर आमचं घर पक्षाने चालवलं नाही, बालविकास प्रकल्पाने चालवलं. वेज चार-चार महिने यायची नाही आणि आली की दादा त्यातून आधी लेव्ही, म्हणजे सभासदाने कमाईतून पक्षाला द्यायचा हिस्सा, काढून ठेवायचे, तेव्हा आई म्हणायची, त्यांच्याच एका खिशातून दुसऱ्या खिशात जायचेत पैसे, मधे आपल्याला कशाला दाखवता.

दादांना एक वेड होतं. पावती. आठवडी बाजारात निधी गोळा करताना कोणी रुपया दिला तरी पावती फाडायचेच, समोरचा राहू द्या राहू द्या म्हणत पुढे निघून गेला तर मागे पळत जाऊन द्यायचे. आम्ही लहानपणी हसायचो, रुपयाच्या निधीला आठ आण्याचा कागद. ते म्हणायचे पैसा लोकांचा आहे, लोकांच्या हातात काहीतरी राहिलं पाहिजे. सगळ्या पुस्तकांच्या स्थळप्रती त्यांनी पत्र्याच्या पेटीत वर्षवार सुतळीने बांधून ठेवल्या होत्या. ती पेटी आता माझ्याकडे पुण्यात आहे, बाल्कनीत, वॉशिंग मशीनच्या शेजारी.

गेल्या पावसाळ्याच्या सुरवातीला दादा गेले. किडनीचं दुखणं होतं, दोन वर्षं डायलिसिस. राज्य सचिवांचा शोकसंदेश व्हॉट्सअ‍ॅपवर आला. त्यात दादांच्या जागी शेजारच्या तालुक्यातल्या दुसऱ्या एका कॉम्रेडचं नाव होतं, जे जिवंत आहेत आणि त्या दिवशी स्मशानात माझ्या बाजूलाच उभे होते. त्यांनीच मला फोन पुढे करून दाखवला. बिचारे ओशाळले होते, जणू त्यांचीच चूक. मी म्हटलं काका जाऊ द्या, घाईत होतं असं. आणि खरंच जाऊ दिलं असतं. माणूस चुकतो. पण दुसऱ्या दिवशी दुरुस्ती आली नाही, तिसऱ्या दिवशी आली नाही, मग पहिलं पत्र मी त्यावरच लिहिलं होतं, फक्त एवढंच की नाव दुरुस्त करून दोन ओळी पाठवा, आईला फ्रेमशेजारी ठेवायच्यात. तेही झालं नाही.

आता खरा मुद्दा. हे पत्र शोकसंदेशावरून नाहीये.

आमच्या जिल्हा अधिवेशनात आई प्रतिनिधी होती. एकतीस वर्षं सभासद. पद्धत तुम्हाला माहीतच आहे, बाकीच्यांसाठी सांगते. मावळती कमिटी नवीन कमिटीचं पॅनेल मांडते, प्रतिनिधींनी ते मंजूर करायचं, मग ती नवीन कमिटी आपल्यातून सचिव निवडते. प्रतिनिधीला पॅनेलमधल्या नावावर हरकत घेता येते, नवीन नाव सुचवता येतं, आणि पॅनेलबाहेरचं नाव मागे घेतलं गेलं नाही तर गुप्त मतदान. हे कुणा बंडखोराच्या डोक्यातून आलेलं नाही, घटनेत लिहिलेलं आहे, आईने दादांच्या प्रतीत पेन्सिलने खूण पण केली होती. तर आईने उठून एक नाव सुचवलं, ऊसतोड बायकांमध्ये दहा वर्षं काम करणाऱ्या एका बाईचं. हॉल शांत झाला. मग दोन ज्येष्ठ कॉम्रेड आईला बाहेर व्हरांड्यात घेऊन गेले आणि पाऊण तास समजावलं. ताई, एकजूट दिसली पाहिजे. ताई, पेपरवाले बाहेर बसलेत. ताई, दादांना हे आवडलं नसतं. शेवटचं वाक्य ऐकून आई आत आली आणि नाव मागे घेतलं. जिचं नाव होतं तिला विचारलंसुद्धा नाही कोणी, ती मागच्या रांगेत पोरगं मांडीवर घेऊन बसली होती. अहवालात आलं, "पॅनेल एकमताने मंजूर." त्यानंतर सभासदत्व नूतनीकरणात आईचा फॉर्म "विचाराधीन" आहे असं शाखा सेक्रेटरीने सांगितलं. एकतीस वर्षांत पहिल्यांदा. कशाचा विचार चाललाय, कोण करतंय, लेखी काहीच नाही. माझं दुसरं पत्र यावर होतं, जे ड्रॉवरमध्ये गेलं.

आणि परवा राज्य अधिवेशन झालं आणि राज्य सचिवांची निवड एकमताने झाली असं पेपरात वाचलं. अभिनंदन. पण कॉम्रेड, एकमताने या शब्दाच्या मागे आता मला तो व्हरांडाच दिसतो, आणि राज्यभरात असे किती व्हरांडे झाले असतील असं वाटत राहतं.

मी बँकेच्या बॅकऑफिसला काम करते, मला राजकारणातलं फार कळत नाही असं तुम्ही म्हणाल, म्हणा. पण सेक्रेटरी या शब्दाचा अर्थ मला कळतो. मी धायरीला ज्या सोसायटीत राहते तिथला सेक्रेटरी म्हणजे एसटीतून रिटायर झालेले काका. पार्किंगवरून त्यांना रोज कोणीतरी शिव्या घालतं. पण लेखी अर्ज दिला की दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्का-तारीख देतात, कमिटीत विषय ठेवतात, जे काय ठरेल ते नोटीस बोर्डावर लावतात. सेक्रेटरीचं काम हेच, पत्र घ्यायचं, उत्तर द्यायचं, मिनिट्स लिहायचे. कम्युनिस्ट पक्षांनी आपल्या मुख्य माणसाला अध्यक्ष, सरसेनापती असलं काही न म्हणता सेक्रेटरी म्हटलं, ते मला फार आवडायचं, कॉलेजात असताना मैत्रिणींना मी ते अभिमानाने सांगायचे. कमिटी मोठी, सेक्रेटरी तिचा कारकून. अर्थात १९२२ साली रशियात स्टालिनला जनरल सेक्रेटरी केलं तेव्हा पण ते पद कारकुनीच समजत होते लोक, पुढे काय झालं ते सगळ्या जगाला माहीत आहे, तेव्हा नावाने काही होत नाही हेही खरं.

आपल्याकडची सुरवात वेगळी होती ना पण? १९२८ चा मुंबईतल्या गिरण्यांचा संप, दीड लाख कामगार, सहा महिने. त्यात उभी राहिलेली गिरणी कामगार युनियन. डांगे तिचे जनरल सेक्रेटरी, पण अध्यक्ष कोण तर अर्जुन आळवे, स्वतः गिरणीत काम केलेला माणूस. आणि युनियनचा जीव होता गिरणी कमिट्यांमध्ये, ज्यात त्या-त्या गिरणीतलेच कामगार. पुढाऱ्याला रोज संध्याकाळी परळ-लालबागला त्यांच्यासमोर उभं राहायला लागायचं. १९२९ च्या मार्चमध्ये इंग्रजांनी मीरत कटाच्या खटल्यात कम्युनिस्ट आणि कामगार पुढारी पकडले त्यात डांगे होते तसे आळवेही होते. दादा आमच्या गावच्या शाखेत हे सांगायचे तेव्हा आळवेंचं नाव डांगेंच्या आधी घ्यायचे, मुद्दाम.

आणि वरच्या माणसाला प्रश्न विचारायचा नाही अशी प्रथा तेव्हाही नव्हती. बी. टी. रणदिवे म्हणजे आपला मराठी माणूस, १९४८ च्या कलकत्ता काँग्रेसमध्ये (काँग्रेस म्हणजे पक्षाचं अखिल भारतीय अधिवेशन) जनरल सेक्रेटरी झाले, त्यांची लाइन चुकली, माणसं तुरुंगात गेली, मेली, पक्ष अर्धा झाला, आणि १९५० ला त्यांना त्या पदावरून काढलं. देशातल्या सगळ्यात मोठ्या कम्युनिस्ट पदावरून! आणि रणदिवे घरी बसले नाहीत, पुढे १९७० ला सीटू ही कामगार संघटना निघाली तेव्हा तिचे अध्यक्ष झाले ते शेवटपर्यंत राहिले. डांगेंसाठी १९६२ ला चेअरमन हे पद नव्याने तयार केलं, आणि १९८१ ला त्याच डांगेंना पक्षाने बाहेर काढलं. बरोबर केलं की चूक यावर आमच्या घरी दिवाळीत भांडणं व्हायची, मामा डांगेवाले होते. माझं म्हणणं इतकंच की वाद व्हायचे, कागदावर व्हायचे. आता वाद व्हरांड्यात होतात आणि कागदावर एकमत येतं.

मतदान घेतलं तर पक्ष फुटतो असं आईला सांगितलं गेलं. मग एप्रिल २०२५ ला मदुराईत काय झालं? मार्क्सवादी पक्षाची २४ वी काँग्रेस, सेंट्रल कमिटीचं पॅनेल आलं आणि आपल्या महाराष्ट्रातल्या कामगार चळवळीतले डी. एल. कराड पॅनेलबाहेरून उभे राहिले. गुप्त मतदान झालं. त्यांना ३१ मतं पडली, हरले. आभाळ कोसळलं? उलट पेपरांनी एरवी चार ओळी दिल्या असत्या तिथे नीट बातमी दिली. तो पक्ष माझ्या आईचा की शेजारचा ते सोडा, मुद्दा असा की करता येतं. एकतीस मतांचा माणूस उभा राहू शकतो तर एकतीस वर्षांची सभासद एक नाव का नाही सुचवू शकत.

वयाचं आणि टर्मचं पण बोलून घेते. मार्क्सवाद्यांनी २०१२ ला कोझिकोडमध्ये ठरवलं की कुठल्याही पातळीवर सचिव तीन टर्मच. चांगला नियम. नंतर पंच्याहत्तर वर्षांची अट आली, २०२२ ला विजयवाड्यात भाकपनेही, म्हणजे भारतीय कम्युनिस्ट पक्षानेही, वयाची अट घातली. त्याप्रमाणे मोठमोठी माणसं बाजूला झालीसुद्धा, मदुराईत प्रकाश आणि बृंदा करात, नवरा-बायको दोघंही पॉलिट ब्युरोतून, म्हणजे पक्षाच्या सगळ्यात वरच्या कमिटीतून, बाहेर पडले, त्याबद्दल मला खरंच आदर आहे, दुसऱ्या कुठल्या पक्षात हे दिसतं सांगा. पण मग एकाने तेव्हा केरळचे मुख्यमंत्री असलेल्या विजयनना सूट दिली आणि दुसऱ्याने चंदीगडला आपल्या जनरल सेक्रेटरीला, डी. राजांना सूट दिली. असतील कारणं, एकुलत्या एका राज्याचा मुख्यमंत्री वगैरे मला समजतं. पण आमच्या जिल्ह्यात जेव्हा एका सत्त्याहत्तर वर्षांच्या कॉम्रेडना "विशेष बाब" म्हणून ठेवलं तेव्हा विशेष काय ते सभासदांना कोणी सांगितलं नाही. सूट देताय तर कारण लिहा की, दोन ओळी.

बायकांचा विषय निघाला की तुम्ही लोक लगेच गोदूताई परुळेकरांचं नाव घेता. घ्याच. १९४५ ला तलासरी-डहाणूच्या जंगलात वारल्यांची वेठबिगार आणि लग्नगडी (लग्नाच्या कर्जापायी गुलामी) मोडायला गेलेली बाई, पुढे अखिल भारतीय किसान सभेची अध्यक्ष झाली. अहिल्याताई रांगणेकर १९७७ ला मुंबईतून खासदार, त्याच्या आधी मृणालताई गोऱ्यांबरोबर लाटणं घेऊन महागाईविरुद्ध रस्त्यावर. यांचे फोटो प्रत्येक अधिवेशनात स्टेजच्या मागच्या फ्लेक्सवर असतात, मी लहानपणापासून बघतेय. फ्लेक्सच्या पुढे खुर्च्यांवर कोण असतं? पुरुष, पुरुष, पुरुष, एक ताई कोपऱ्यात, पुरुष. मार्क्सवादी पक्ष १९६४ ला निघाला आणि पॉलिट ब्युरोत पहिली बाई आली २००५ ला, पहिला दलित माणूस २०२२ ला. भाकपला पहिला दलित जनरल सेक्रेटरी मिळायला २०१९ उजाडलं. आणि आपल्या राज्यात राज्य सचिवाच्या खुर्चीत बाई बसलेली मी तरी माझ्या आयुष्यात पाहिली नाही. जिल्हा सचिव म्हणून बघायची इच्छा होती तर व्हरांडा मधे आला. मोर्चात मागून बघितलं तर निम्म्याहून जास्त साड्याच दिसतात, अंगणवाडी, आशा, विडी, घरकामवाल्या, शेतमजूर. आणि मग मीटिंगमध्ये त्यांना सांगता की राजकीय समज अजून वाढायला पाहिजे. आई म्हणते, आमची समज वाढेपर्यंत यांचं वय वाढतंय. (हे तिने तुमच्या तोंडावर म्हटलं असतं, पण व्हरांड्यात माईक नसतो.)

आता वेजचं. हे लिहायला मला सगळ्यात जड जातंय कारण दादांनी आयुष्यभर पैशाचा विषय काढला नाही, मी काढलेलाही त्यांना खपलं नसतं.

२५ एप्रिल २०२२ ला सुप्रीम कोर्टाने निकाल दिला की अंगणवाडी सेविका-मदतनीसांना ग्रॅच्युइटी कायदा लागू होतो. आई त्या दिवशी गल्लीत पेढे वाटत होती. २०२३ च्या ४ डिसेंबरपासून राज्यातल्या सेविकांनी संप केला, पन्नासच्या वर दिवस चालला, थंडीत आझाद मैदानात बसल्या बायका, त्यात ग्रॅच्युइटी आणि पेन्शन या मागण्या होत्या. दादा तेव्हा डायलिसिसवर होते, आठवड्यातून दोनदा, तरी त्यांनी पलंगावर पडून संपाचं पत्रक लिहून दिलं. त्यात त्यांचं वाक्य होतं की तीस-तीस वर्षं राबवून घेऊन म्हातारपणी रिकाम्या हाताने घरी पाठवणं हा गुन्हा आहे. मी ते पत्रक टाइप करत होते. दोनदा टाइप करायला घेतलं आणि दोनदा थांबले. दादा, म्हटलं, तुम्हाला काय मिळणारे? ते म्हणाले मी नोकर आहे का. मग काय बोलणार.

पण ते म्हणू शकतात, तुम्ही नाही म्हणू शकत. चौतीस वर्षांनंतर दादांच्या नावावर प्रॉव्हिडंट फंड नाही, मेडिकल नाही, पेन्शन नाही. डायलिसिस सरकारी योजनेत बसलं म्हणून निभावलं, बाकी औषधं, जायला-यायला गाडी, मधली दोन ऑपरेशनं हे माझ्या पगारातून आणि आईने अंगणवाडीतून साठवलेल्यातून झालं. शेवटचे अकरा महिने वेज आलीच नाही. पक्षाकडे पैसे नाहीत हे मला समजतं, इलेक्टोरल बाँड तुम्ही घेतले नाहीत याचा मला अभिमान आहे, ऑफिसात मी त्यावरून भांडलेय. पण पैसे नसणं वेगळं आणि अकरा महिन्यांत एकदाही फोन करून कॉम्रेड या महिन्यात जमत नाहीये एवढं न सांगणं वेगळं. मुकादमसुद्धा कोयत्याला सांगतो बाबा, यंदा उचल कमी आहे. अजून आमच्या जिल्ह्यात असे चार म्हातारे होलटायमर आहेत, त्यातले दोघं एकटे राहतात. ते कधी लिहिणार नाहीत तुम्हाला. शिस्त आहे त्यांना.

तुम्ही काही ऐशमध्ये नाही आहात हेही मला माहीत आहे. सचिव लोक एसटीने, स्लीपरने फिरतात, मी पाहिलंय. आणि हे पद जिवावरचं पण आहे. गोविंद पानसरे एका लाल पक्षाचे राज्य सचिव राहिलेले, १६ फेब्रुवारी २०१५ ला सकाळी कोल्हापुरात फिरून घरी येताना त्यांच्यावर आणि त्यांच्या पत्नी उमाताईंवर गोळ्या झाडल्या, २० तारखेला ते गेले. त्या आठवड्यात दादा जेवले नव्हते नीट. २०१८ च्या मार्चमध्ये नाशिकहून मुंबईला शेतकरी चालत निघाले, १८० किलोमीटर, तेव्हा किसान सभा आपली का त्यांची हे न बघता दादा साठी उलटलेली असून कसाऱ्याला जाऊन सामील झाले. दहावीच्या पोरांच्या पेपरला त्रास नको म्हणून मोर्चा रात्रीच सोमय्या मैदानातून आझाद मैदानात गेला त्या रात्री दादांचा फोन आला, पायाचं कातडं सोललंय पण मजा येतेय म्हणाले. हे सगळं मी विसरलेली नाही. ज्या चळवळीला अनोळखी पोरांच्या दहावीच्या पेपरची काळजी पडते तिला आपल्या सभासदाच्या पत्राची का पडू नये, हेच तर मला उमगत नाहीये.

जाता जाता कागदपत्रांचं. जिल्हा ऑफिस हलवलं तेव्हा साप्ताहिकाचे जुने अंक, सायक्लोस्टाइल पत्रकं, १९७२ च्या दुष्काळातल्या मोर्चांचे फोटो, सगळं पोत्यात भरून रद्दीत गेलं. दादांना दुसऱ्या दिवशी कळलं, रद्दीवाल्याकडून त्यांनी दोन पोती परत विकत आणली, स्वतःच्या पैशाने. दिल्लीत जेएनयूमध्ये जुने कम्युनिस्ट पुढारी पी. सी. जोशींच्या नावाचा संग्रह आहे, लोक बाहेरून येऊन अभ्यास करतात. आमच्याकडे पोती.

तर माझं मागणं असं आहे.

आईच्या नूतनीकरणाचं काय झालं ते लेखी कळवा, तारखेसकट. नाकारायचं असेल तर कारण लिहा, ती कंट्रोल कमिशनकडे, म्हणजे पक्षातल्या दाद मागायच्या जागी, जाईल, तो तिचा हक्क आहे. सभासदाच्या कुठल्याही पत्राला पोच त्याच दिवशी आणि उत्तर महिन्याभरात मिळेल असं सर्क्युलर काढा, आणि त्याला जबाबदार सचिव राहील हे त्यात लिहा, "कार्यालय" असं लिहू नका, कार्यालय म्हणजे कोणीच नाही.

पुढच्या प्रत्येक अधिवेशनात पॅनेलच्या आधी घटनेतलं निवडणुकीचं कलम मोठ्याने वाचून दाखवा. ज्याने नाव सुचवलं त्याला बाहेर न्यायचं नाही, जे समजवायचं ते हॉलमध्ये सगळ्यांसमोर समजवा. मत पडलं तर आकडे सांगा. वयाची नाहीतर टर्मची सूट दिली तर कारण अहवालात छापा.

राज्य सेक्रेटेरिएटमध्ये निदान एक तृतीयांश बायका, आणि त्या कोणत्या फ्रंटवरून, म्हणजे अंगणवाडी, शेतमजूर अशा कोणत्या आघाडीवरून येणार हे त्या फ्रंटच्या बायकांना विचारून. संसदेत ३३ टक्क्यांसाठी तुम्हीच इतकी वर्षं भांडलात.

साठीच्या पुढच्या सगळ्या होलटायमरांची यादी करा. कोणाला काय आजार, वेज किती महिन्यांची थकलीय, घर कोणाचं, मागे कोण आहे. एक फंड काढा, मी पहिले पंचवीस हजार देते, आणि दादांच्या जुन्या ओळखीच्या निदान वीस जणांनी मला शब्द दिलाय. पण त्याचा हिशोब दरवर्षी सभासदांना मिळाला पाहिजे. दादांच्या अकरा महिन्यांच्या वेजचं मी मागत नाहीये, ती त्याच फंडात जमा धरा.

ती दोन पोती आणि पेटी मी स्कॅन करायला घेतलीय रविवारी-रविवारी. पक्षाला प्रत हवी असेल तर पेन ड्राइव्ह आणून द्या.

आणि शोकसंदेश. दोन ओळी, बरोबर नावाने.

तुमची,
एका होलटायमरची मुलगी

ता. क. आईचा फॉर्म विचाराधीन असला तरी तिने या वर्षाची वर्गणी आणि लेव्ही मार्चअखेर रोख भरलेली आहे, जिल्हा कमिटीच्या कॉम्रेडनी घेतली पण. पावती मिळाली नाही, पुस्तक संपलंय म्हणाले. दादांच्या पेटीत एक कोरं पुस्तक निघालंय, १ ते ५० नंबरचं, कार्बनसकट. हवं असेल तर कुरिअर करते.